रस्ता म्हणून काढलेली नदी

मी दिवसभर जमिनीकडे वरून बघायचे. तेच माझं पोटापाण्याचं काम होतं. पालघरला स्टेशनपासून दहा मिनिटांवर, औषधाच्या एका दुकानाच्या डोक्यावर आमचं ऑफिस. तीन कॉम्प्युटर, एक मोठा प्रिंटर आणि खिडकीतून दिसणारी रिक्षांची रांग. जिल्हा नवा झाला, तसे नव्या जिल्ह्याला नवे नकाशे लागायला लागले आणि आमच्यासारखी चार-दोन ऑफिसं उगवली. उपग्रहाने नाहीतर ड्रोनने काढलेला फोटो पडद्यावर मोठा करायचा आणि माऊसने त्यावरून रेघा ओढायच्या. घर दिसलं की चौकोन, झाडी दिसली की हिरवा, रस्ता दिसला की तपकिरी, पाणी दिसलं की निळा. घरच्यांना वाटायचं, ही बाई एसीत बसून चित्रं रंगवते. रंगवतच होते. पण मी रंगवलेल्या चित्रावर पुढे कोणाची तरी सही होते, आणि सही झाली की तेच खरं धरलं जातं. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा पहिला राग स्वतःचाच आला.

एके वर्षी ऑफिसला काम मिळालं. जिल्ह्यातल्या हंगामी नद्या वर्षागणिक कशा सरकतात, ते जुन्या-नव्या फोटोंवरून दाखवायचं. हंगामी म्हणजे पावसाळ्यात दोन्ही काठ भरून धावणाऱ्या आणि होळीनंतर नुसती वाळू नि दगडगोटे उरणाऱ्या. काम ऐकायला सोपं वाटतं. पण नदी वाहते तेव्हा वर ढग असतात, आणि फोटोत नुसता कापूस पिंजलेला दिसतो. ढगांच्या आरपार बघणारे फोटोही असतात, पण आमच्या ओढ्याएवढ्या नद्या त्यांच्या डोळ्यांत भरत नाहीत. म्हणून आमच्याकडे सगळे फोटो कोरड्या दिवसांतले. नदी बोलते तेव्हा ऐकायला कोणी नाही, आणि ती गप्प बसली की सगळे तिची जबानी घ्यायला हजर. मला या कामात मजा यायला लागली होती.

बोईसरच्या पूर्वेला डोंगराच्या उतारावरून एक लहान नदी येते. नाव लिहीत नाही. नाव लिहून ती काही मोठी होणार नाही. एप्रिलच्या शेवटी मी तिचं काम घेतलं. वरचा भाग निळा केला, खालचा खाडीपर्यंतचा निळा केला, आणि मध्ये मैलभर नदीच सापडेना. वरून येते, एका पाड्यापाशी गडप होते, खाली पुन्हा उगवते. मी डोळे चोळले, चहा पिऊन आले, पुन्हा बघितलं. मधल्या जागेत आमच्याच ऑफिसच्या एका जुन्या नकाशाची तपकिरी रेघ होती. कच्चा रस्ता, असं लिहिलेलं. रेघ काढणाऱ्याच्या रकान्यात माझी आद्याक्षरं होती.

गावाच्या फार जुन्या कागदी नकाशात ही नदी आहे, पण ती बरीच पलीकडे, पूर्वेला. तिथे आता भाताची खाचरं आहेत. मी पाळण्यात असताना एक मोठा पूर आला होता, आणि त्या पुरात नदीने कूस बदलली, असं घरी सांगायचे. म्हणजे कागदावर नदी होती तिथे ती आता नव्हती, आणि ती खरोखर होती तिथे मी रस्ता काढून ठेवला होता.

नागपूरच्या नाहीतर पुण्याच्या एखाद्या मुलीने तोच फोटो बघितला असता, तर वाळू बघून ती सरळ नदी म्हणाली असती. मी चुकले, कारण मी इथली. आमचं गाव तारापूरच्या पुढे, समुद्राकडे. वाडीत चिकू, वेलवर्गी भाज्या, थोडी फुलं. मांडवासाठी लागायच्या कारवीच्या काठ्या, आणि त्या मिळायच्या डोंगरातल्या पाड्यांवर. होळी झाली की वडील गाडी जुंपायचे, पुढे बैल गेले आणि भाड्याचा टेम्पो आला, आणि आम्ही या नदीतूनच वर जायचो. डांबरी रस्ता लांबून होता. नदी सुकली की तीच जवळची वाट. तिला आम्ही उन्हाळवाट म्हणायचो. चाक वाळूत रुतलं की सगळ्यांनी उतरून ढकलायचं आणि वडिलांनी बैलांपेक्षा आम्हालाच जास्त ओरडायचं. पुढे अनेक वर्षांनी, नोकरीच्या पहिल्या वर्षी, पडद्यावर त्या वाळूत टायरच्या खुणा दिसल्या तेव्हा मला इतका आनंद झाला! ही तर आमची वाट! मी ती मन लावून, एकेक वळण न चुकवता काढली. आयुष्यात मी इतकी सुबक चूक दुसरी केलेली नाही.

आमचे सर वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर मला सोपं गेलं असतं. मला काम त्यांनीच शिकवलं, मी आजारी पडले तेव्हा घरी येऊन विचारपूसही केली. मी त्यांच्या टेबलाशी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, मग कपाटातली एक फाइल काढून पुढ्यात ठेवली. पाड्याच्या वरच्या अंगाची जमीन कोणीतरी गोदामांसाठी घेतली होती. तिथवर अवजड गाड्या जायला वाट हवी, म्हणून ‘अस्तित्वातील कच्चा रस्ता’ मुरूम टाकून उंच करायला त्यांनी परवानगी मागितली होती. ती मिळालीही होती. सोबत जोडलेला नकाशा माझा. मुरमाचे ढीग एव्हाना तिथे पडलेही असतील, असं सर म्हणाले.

मी म्हटलं, आपण दुरुस्तीचं पत्र देऊ. सर म्हणाले, मंजूर झालेला नकाशा आता आपला राहिलेला नाही, तो त्यांचा. एक चूक कबूल केली की लोक बाकीच्या हजार रेघांवर बोट ठेवतील, मग ऑफिसला टाळं. त्यांचंही खोटं नव्हतं. त्यांनी तोडगा काढला: नदीच्या नव्या कामात त्या मैलभर जागी ‘पात्र अस्पष्ट’ असं लिहायचं.

“अस्पष्ट नाहीये, सर,” मी म्हटलं. “मी चुकीचं काढलंय.”

“मॅडम, कोणाच्या लक्षात येणार आहे?”

हे वाक्य माझ्या डोक्यात गेलं. रागाने भलतंच बोलून जाईन म्हणून मी जागेवर जाऊन बसले. खरं सांगायचं तर रागापेक्षा भीती जास्त होती. पंचेचाळिशीच्या बाईला पालघरमध्ये दुसरं कोण नकाशे काढायला बोलावणार? आणि भीतीहून जास्त लाज होती. त्या पाड्यावरच्या बायका आमच्या वाडीत कामाला यायच्या. त्यांच्या हातची भाकरी मी खाल्ली होती.

रविवारी स्कूटर काढली आणि पाड्यावर गेले. कोणत्या वाटेने, ते विचारू नका. नदीतूनच गेले. दुसरी जवळची वाटच नाही. वरच्या वळणावर लाल मुरमाचे ढीग खरंच पडले होते, एका रांगेत, आणि पाडा तिथून हाकेच्या अंतरावर. तरणी माणसं वीटभट्ट्यांवर गेलेली, मागे म्हातारी, लेकुरवाळ्या आणि कुत्री. पात्राच्या मधोमध एक बाई झिऱ्याशी बसली होती. झिरा म्हणजे वाळूत खणलेला कंबरभर खड्डा. तळाशी पाणी हळूहळू पाझरून जमतं. पहिलं गढूळ काढून टाकायचं, मग निवळ येतं ते करवंटीने हंड्यात भरायचं. पाड्याची विहीर होळीलाच तळ दाखवते आणि हातपंपाच्या पाण्याला गंज असतो, म्हणून उन्हाळ्याचं पिण्याचं पाणी सगळं झिऱ्यांचं. असे चार-पाच झिरे होते, प्रत्येकाला दगडांचं कडं आणि वर पळसाच्या पानांचं झाकण.

बाईने मला वडिलांवरून ओळखलं. ती तरुणपणी आमच्या वाडीत खुरपणीला यायची. मला कडेवर घेतल्याचं तिने सांगितलं, मला आठवत नव्हतं. मी तिला मावशी म्हटलं. मग उन्हात तिच्या शेजारी बसून सगळं सांगून टाकलं. मुरूम तुमच्या झिऱ्यांवर पडणार आहे आणि त्यामागे माझी रेघ आहे, असं सरळ शब्दांत. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती करवंटीने पाणी भरत राहिली. हंडा भरल्यावर म्हणाली,

“मंग खोड ना, बाय. तूच काढलं तं तूच खोड.”

जणू मी तिच्या अंगणात रांगोळी चुकीची काढली होती. मी तिला फायली, सह्या, मंजुरी समजावायला लागले, आणि बोलता बोलता माझ्याच कानांना ते भिकार वाटायला लागलं.  निघताना विचारलं, खणायचं कुठे हे कसं कळतं? ती म्हणाली, सकाळी वाळूवर पाय ठेवला की कळतं, आणि दरसाल जागा बदलते. पाणी सरकतं, मंग आमी सरकतो.

पाणी सरकतं. स्कूटरवर बसले तरी ते दोन शब्द कानात घुमत होते. सोमवारी सकाळी मी सगळे जुने फोटो काढले आणि झिरे शोधायला लागले. होते! दर मे महिन्याच्या फोटोत वाळूवर काळसर ठिपके, आणि पाड्याकडून त्यांच्याकडे येणाऱ्या केसाएवढ्या पायवाटा. इतकी वर्षं मी त्यांना झुडपांच्या सावल्या समजत होते. एकेका वर्षाचे ठिपके वेगळ्या रंगाने भरले आणि सगळी वर्षं एकावर एक ठेवली. ठिपक्यांची रांग दरसाल थोडी थोडी पश्चिमेला गेली होती, एका वर्षी तर चांगली उडी मारून. वरून कोरडी ठक्क दिसणारी नदी खालून चालत होती, आणि बायका हातात करवंटी घेऊन तिच्या मागे मागे. माझ्या लाखाच्या सॉफ्टवेअरला जे जमलं नव्हतं, ते काम त्या दरसाल होळीनंतर करत होत्या. त्या दुपारी मला हसू आलं आणि रडूही आलं.

मग रोज जेवणाच्या सुट्टीत, डबा कीबोर्डच्या बाजूला ठेवून मी ते काम करायचे. सर येता-जाता बघायचे. एकदाच म्हणाले, की ऑफिसचा प्रिंटर यासाठी वापरू नका. मी पेनड्राइव्ह घेऊन झेरॉक्सवाल्याकडे गेले आणि मोठ्या प्रती काढल्या. त्याने विचारलं, ताई, हे काय, गोवर आलेल्या माणसाचा फोटो? मी म्हटलं, हो, तसंच समजा.

तहसील कचेरीत अर्ज घेऊन गेले तर तिथे वेगळीच अडचण. कारकुनाने अर्ज वाचला आणि विचारलं, तक्रार कोणाविरुद्ध?

“माझ्याविरुद्ध.”

त्याने पेन खाली ठेवलं. तसा रकाना नव्हता. त्याने मला समजावलं, की ताई, कोणाचं तरी नाव घाला, शेजाऱ्याचं, भावाचं, ऑफिसचं घाला, म्हणजे अर्ज पुढे सरकेल. मी म्हटलं, नाव आहे ना, खाली सही आहे तेच. अर्धा तास आमची हुज्जत झाली. शेवटी साहेबांनाच भेटा म्हणाला, भेटले, आणि त्यांनी स्थळपाहणीचा शेरा मारून अर्ज मंडळ अधिकाऱ्याकडे पाठवला. सरांना त्याची प्रत गेली तेव्हा ते माझ्याशी बोलायचे बंद झाले. आम्ही एका खोलीत बसून एकमेकांना ईमेल पाठवायला लागलो.

पाहणीच्या चार दिवस आधी डंपर आले आणि त्यांनी खालचे सगळे झिरे बुजवले. दगडांची कडी, पानांची झाकणं, सगळं मुरमाखाली. नवे खणले तर तेही बुजवतील, म्हणून बायका पहाटे उठून वर, डोंगराच्या पायथ्याशी जायला लागल्या, एका हंड्यासाठी तासभर चाल. मावशीच्या सुनेने फोन करून हे सांगितलं तेव्हा मी भाजी चिरत होते. विळी बाजूला सारली आणि तशीच बसले. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मुरूम दाबून रस्ता झाला असता, आणि मग झिरा खणायला वाळूच राहिली नसती. पाड्याला पाण्यासाठी गाव सोडावं लागलं असतं, आणि नकाशात सगळं अगदी बरोबर दिसलं असतं.

पाहणीच्या दिवशी मंडळ अधिकारी जीपने आले. तरुण माणूस, दुसऱ्या जिल्ह्यातला, इथे नवाच. बरोबर तलाठी, आमचे सर, आणि गोदामवाल्यांचा एक प्रतिनिधी, इस्त्रीच्या शर्टातला. जीप अर्थातच नदीतून आली आणि भरावाच्या पुढे थांबली, जिथे यंदा कोणी झिरा खणला नव्हता. उतरल्या उतरल्या प्रतिनिधी म्हणाला, साहेब, आपण रस्त्यानेच आलो ना? तलाठी हसले, अधिकारीही हसले. माझी कानशिलं तापली. मी जीपच्या बॉनेटवर माझ्या प्रती पसरल्या, चार कोपऱ्यांवर चार गोटे ठेवले आणि ठिपके दाखवायला सुरुवात केली. बायका दोन हात अंतरावर उभ्या राहून स्वतःचेच झिरे कागदावर बघत होत्या. एकीने आपला ओळखला, दुसरीने त्यावरून तिच्याशी भांडण काढलं.

अधिकाऱ्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, चित्रं चांगली आहेत, पण चित्रात मलाही ठिपके काढता येतील. तुमच्या म्हणण्याप्रमाणे यंदा इथे पाणी कुठे लागेल, ते दाखवा.

मी तयार होते. आदल्या वर्षीच्या फोटोवरून हिशोब मांडला होता, पावलं मोजून ठेवली होती. काठावरच्या करंजापासून चालत गेले, पायाने फुली मारली आणि म्हटलं, इथे. दोघीजणी खणायला बसल्या. गुडघाभर गेलं, कोरडं. कंबरभर गेलं, कोरडंच. वाळूच्या जागी दगड लागायला लागले. सर डोंगराकडे बघत उभे होते. प्रतिनिधीने मोबाइल काढला. मला वाटलं, पायाखालचा खड्डा माझ्यासाठीच खणलाय, आता त्यात उतरावं.

मावशी इतका वेळ सावलीत बसून बघत होती. ती उठली आणि माझ्याजवळ आली.

“बाय, तू गेल्या सालाची नदी बघते.”

मग ती पलीकडच्या काठाकडे चालत गेली, अनवाणी, टाच दाबत दाबत. वीसेक पावलांवर थांबली. बसली आणि हातांनीच वाळू उपसायला लागली. ढोपरभर खड्ड्यात वाळूचा रंग बदलला. आणखी थोडं, आणि तळाला गढूळ पाणी जमायला लागलं. सगळे धावले. प्रतिनिधी म्हणाला, बघा साहेब, यांच्या मॅडमचा नकाशाच चुकलाय, हे पाणी कुठेही लागतं. आणि तिथे मला कंठ फुटला. इतके दिवस कागदांत डोकं घालून जे सापडलं नव्हतं, ते त्याच्या त्या वाक्याने हातात आणून दिलं.

“हो, चुकलाय,” मी म्हटलं. “एका पावसाळ्यात वीस पावलं चुकलाय. साहेब, रस्ता पावसाळ्यात वीस पावलं सरकतो का?”

 अधिकाऱ्यांनी एकदा माझ्या कोरड्या खड्ड्याकडे बघितलं, एकदा मावशीच्या खड्ड्याकडे. मग गेल्या वर्षीची प्रत उचलून दोन्हींमधलं अंतर त्यांनी स्वतः चालून मोजलं. मावशीने तोवर गढूळ पाणी काढून टाकलं होतं. निवळ यायला वेळ लागतो. त्या उन्हात आम्ही सगळे खड्ड्याभोवती उकिडवे बसून वाट बघत होतो, सरकार, कंपनी आणि पाडा, एकाच गोलात. पाणी निवळलं तशी तिने करवंटी भरून अधिकाऱ्यांपुढे धरली. ते संकोचले. जीपमध्ये बाटली आहे म्हणाले, ड्रायव्हरला खूण केली. मावशीचा हात तसाच पुढे राहिला.

“पी ना, साहेब. नाय प्याला तं कागदावर काय लिवशील?”

त्यांनी बूट वाळूत रोवून करवंटी घेतली आणि पाणी प्यायले. नंतर आणखी एक मागून घेतली. मग जीपच्या बॉनेटवर तलाठ्यांना पंचनामा सांगायला लागले, आणि त्यात ‘नदीपात्र’ हा शब्द तीन वेळा आला. भराव तिथल्या तिथे थांबवावा आणि टाकलेला मुरूम काढावा, असं त्यांनी लिहवलं. पंच म्हणून मावशीची आणि तिच्या सुनेची नावं घातली. खाली माझा जबाब. मी माझ्या हाताने लिहिलं, की ही नदी रस्ता म्हणून मी दाखवली, कारण लहानपणी मी तिच्यातून गाडीने जायचे, आणि ही चूक दुसऱ्या कोणाची नाही. तलाठी म्हणाले, कारण लिहायची गरज नव्हती. मी म्हटलं, मला होती.

सर जीपकडे जाताना माझ्यापाशी थांबले. उद्यापासून येऊ नका म्हणाले, आवाज न चढवता. मला अपेक्षित होतं. मी म्हटलं, बरं. नदीच्या कामातला तो मैलभर तुकडा मी निळा करून ठेवलाय, तेवढा मात्र खोडू नका. ते जीपमध्ये जाऊन बसले. नाराज होते, पण चेहरा हरलेल्या माणसाचा होता. मला त्यांची दया आली, आणि तरी माझं म्हणणं मी मागे घेतलं नसतं, आजही घेणार नाही.

जीप गेली. मी थांबले. मावशीच्या सुनेने चहा केला, त्याच पाण्याचा. बायका नव्या झिऱ्याला दगड लावत होत्या, तेवढ्यात खालच्या वळणावर इंजिनाचा आवाज आला. डंपर होता, मुरमाने भरलेला. पंचनाम्याची शाई वाळते न वाळते तोवर. ठेकेदाराला कोणी कळवलं नव्हतं, की कळवूनही त्याने आजच्या खेपा संपवायच्या ठरवल्या होत्या, मला ठाऊक नाही. डंपर पात्रातून हेलकावे खात आला आणि आमच्यापासून थोड्या अंतरावर थांबला. मी चहाचा पेला खाली ठेवला आणि त्याच्या पुढे जाऊन उभी राहिले. 

ड्रायव्हर खिडकीतून वाकला. तिशीचा असेल, घामाने निथळलेला.

“मैडम, साइड में हो जाइए. माल खाली करना है.”

“यहाँ नदी है,” मी म्हटलं.

“नदी कहाँ है? रास्ता है. नक्शे में दिखा रहा है.”

त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. ठेकेदाराने व्हॉट्सॲपवर पाठवलेला नकाशा मॅपच्या ॲपमध्ये उघडलेला होता. एकेक वळण न चुकवता काढलेली तपकिरी रेघ, आणि तो निळा गोल ठिपका, म्हणजे तो स्वतः, अगदी त्या रेघेवर उभा.

“ये नक्शा मैंने बनाया है, भैया. गलत बनाया है. गाडी पीछे लो.”

त्याने माझ्याकडे बघितलं, मोबाइलकडे बघितलं. मग माझ्या मागे बघितलं. मी वळून पाहिलं तर मावशी आणि बाकीच्या बायका झिऱ्याभोवती वाळूत मांडी घालून बसल्या होत्या, हंडे पुढ्यात घेऊन.  मावशी करवंटीने पाणी भरत होती.

त्याने गिअर टाकला. वळायला गेला असता तर मऊ वाळूत चाकं रुतली असती. मैलभर नदी तो उलटा गेला.